पाहुणे हात आणि गावची भिंत

कॉलेजातल्या मुलामुलींनी गट करून दोन-तीन आठवडे परदेशात जायचं, तिथल्या एखाद्या गरीब वस्तीत शाळेची खोली बांधायची, भिंती रंगवायच्या, मुलांना शिकवायचं आणि परत यायचं, हा प्रकार युरोप-अमेरिकेत आता रुळला आहे. नेपाळ, कंबोडिया, केनिया, टांझानिया या देशांत असे गट वर्षभर येत-जात असतात. आपल्याकडे हा प्रकार अजून मोठ्या शहरांतल्या मुलांपुरताच असला, तरी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यासारख्या गावातल्या मुलांच्या मोबाइलवरही अशा सहलींच्या जाहिराती येऊन पोचतात. जाणाऱ्याला काय मिळतं, हे त्या जाहिराती सविस्तर सांगतात: अनुभव, प्रमाणपत्र, नव्या ओळखी. ज्या गावात हे पाहुणे उतरतात त्या गावाचं पुढे काय होतं, हे मात्र त्यांत सहसा नसतं. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला निलंगा आणि औसा हे तालुके फार योग्य जागा आहेत, कारण हा मुलूख एकदा मदत घेणाऱ्याच्या बाजूला उभा होता. माझं म्हणणं असं आहे की बाहेरून आलेल्या तरुण हातांचा उपयोग त्यांच्या जोरावर फार थोडा ठरतो. ते कुणाच्या बोलावण्यावरून आले, कुणाच्या हाताखाली राबले आणि ते निघून गेल्यावर गावातल्या कुणाला काय नव्यानं येऊ लागलं, यावर तो ठरतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास औसा तालुक्यातला किल्लारी परिसर भूकंपानं हादरला. अमेरिकी मापनानुसार तीव्रता ६.२, भारतीय हवामान खात्यानुसार ६.४. सरकारी आकड्यांप्रमाणे ७,९२८ माणसं गेली, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पुरती उद्ध्वस्त झाली. एवढ्या तीव्रतेच्या भूकंपात इतकी माणसं का मेली, याचं उत्तर घरांच्या भिंतीत होतं. दोन-तीन फूट रुंदीची दगडी भिंत बाहेरून किल्ल्यासारखी दिसायची, पण आतून ती दोन भिंती होती: एक बाहेरच्या अंगाचा थर, एक आतल्या अंगाचा, आणि मध्ये मातीत टाकलेले बारीक दगड. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटले, पोट फुगल्यासारखे फुगले आणि कोसळले. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर वर्षानुवर्षं चढत गेलेला मातीचा जाड थर. पाऊस गळू लागला की आणखी माती टाकायची, अशी पद्धत. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी ती माती त्या पहाटे अंगावर आली. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की अनेक घरांत लाकडी खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि भिंतींनी माणसं मारली. गावाला आपल्याच घराच्या कोणत्या भागानं घात केला आणि कोणत्या भागानं साथ दिली, हे त्या ढिगाऱ्यात वाचता येण्यासारखं होतं.

पुढे जे पुनर्वसन झालं त्याचे दोन भाग पडतात, आणि या लेखाचा बहुतेक पुरावा त्या दोन भागांच्या तुलनेत आहे. पूर्ण पडलेली ५२ गावं नव्या जागेवर वसवली गेली. जमीन किती त्यावर घर किती, असा हिशेब होता: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. अनेक गावं देशभरातल्या संस्थांनी दत्तक घेतली. हेतू चांगले होते, पैसा होता, कामाचा वेग होता. पण आराखडा बाहेरून आला. सरळ रेषेतले रस्ते, एकसारख्या रांगा, दारातली बसण्याची ढाळज नाही, जनावरं बांधायला पुरेशी जागा नाही. औसा तालुक्यातल्या गुबाळला तर घुमटाच्या आकाराची घरं उभी राहिली. घुमट भूकंपात टिकतो, हे शास्त्र खरंच आहे. पण शेतकऱ्याच्या घरात कणगी असते, कपाट असतं, पोत्यांची थप्पी असते, आणि यांतलं काहीही गोल भिंतीला नीट टेकत नाही. आराखडा काढताना त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला कुणी विचारलं असतं, तर ही अडचण पहिल्या पाच मिनिटांत कळली असती.

दुसरा भाग कमी गाजला. ज्या गावांत घरं पडली नाहीत पण तडकली, तिथं जागेवरच दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. अशी गावं हजाराच्या वर आणि घरं लाखाच्या वर. जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या या कार्यक्रमात पैसे घरमालकाच्या हाती आणि काम गावच्या गवंड्याकडे, अशी रचना होती. लोकांचा मात्र दगडावरचा विश्वास उडाला होता. सिमेंटचं घर मिळत नसेल तर दुरुस्ती काय कामाची, असं वाटत होतं. इथं प्रेमा गोपालन यांची ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था आली आणि तिनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. शासन आणि घरमालक यांच्यामधला दुवा त्या झाल्या. तंत्र असं: पहारीनं हलकेच एकेक दगड सैल करत भिंतीत आरपार भोक पाडायचं, ते मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांना रुंद, डमरूसारखं. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळी ठेवायची, काँक्रीट भरायचं आणि त्यावर किमान दहा दिवस पाणी मारत राहायचं. भिंतीचे दोन थर त्या डमरूनं एकत्र बांधले जातात. माळवदावरची जादा माती उतरवायची, खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरपे आधार ठोकायचे. बायकांनी हे शिकून घेतलं, शेजारच्या घरी जाऊन दाखवलं, मिस्त्रीनं सळी न टाकता भोक बुजवलं तर त्याला अडवायचं धाडसही त्यांच्यात आलं.

या कामाचा पुढचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायका गुजरातला गेल्या, आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही इथला अनुभव पोचला. भाषा वेगळी, समुद्र कधी न पाहिलेला, आणि तरीही त्यांच्याकडे सांगण्यासारखं होतं: कागद कोणते जपून ठेवायचे, घराचा आराखडा सही करण्याआधी काय विचारायचं, तात्पुरत्या शेडमध्ये असतानाच बायकांनी एकत्र का बसायचं. लांबच्या मुलखात सेवेसाठी गेलेले या भागातले सर्वांत उपयोगी पाहुणे कोण, असं कुणी विचारलं तर मी या शेतकरी बायकांचं नाव घेईन. स्वतः मदत घेतली होती, म्हणून मदत कशी बोचते आणि कशी लागू पडते, दोन्ही त्यांना ठाऊक होतं.

आता ही कल्पना मुळात कुठून आली ते पाहू. तरुणांनी परक्या देशात जाऊन अंगमेहनतीची सेवा करायची, या प्रथेची सुरुवात सहसा स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेझोल यांच्यापासून मोजतात. पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या फ्रान्समधल्या एन या वेर्दंजवळच्या गावात १९२० च्या हिवाळ्यात त्यांनी पहिला गट नेला. घरं उभारायची, रस्ते दुरुस्त करायचे, आणि गटात कालच्या शत्रुदेशाचे, म्हणजे जर्मनीचे, तरुणही घ्यायचे, असा विचार. विचार थोर होता, पण काही महिन्यांतच गावानं काम थांबवायला सांगितलं. ज्यांच्या तोफांनी घरं पाडली त्यांच्याच देशाची माणसं अंगणात वावरताना पाहणं गावाला झेपलं नाही. सेरेझोल यांनी चळवळ मात्र सोडली नाही, आणि ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा ते भारतात आले आणि मुझफ्फरपूर भागात पुनर्वसनाच्या कामात उतरले. युरोपीय स्वयंसेवक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. काम केलं ते तिथल्याच लोकांनी, आणि राजेंद्र प्रसादांसारख्या स्थानिक नेतृत्वाशी बोलून. एनमध्ये गट चांगला होता आणि बोलावणं कच्चं होतं. बिहारमध्ये बोलावणं आणि स्थानिक यंत्रणा दोन्ही होतं, म्हणून मूठभर माणसंही पुरली. याच संघटनेचे देशोदेशीचे तरुण पुढे १९५० च्या दशकात वरोऱ्याजवळ आनंदवनात आले आणि त्यांनी इमारती बांधायला हात लावला. पण तिथं बाबा आमटे होते, कुष्ठरोगातून बरी झालेली राबणारी माणसं होती. पाहुणे गेले आणि आनंदवन वाढतच राहिलं, कारण ते पाहुण्यांचं कधीच नव्हतं.

उलट्या दिशेचं, म्हणजे इथून परदेशी जाण्याचं, उदाहरणही आपल्या जवळच्याच जिल्ह्यातलं आहे. १९३७ च्या अखेरीस चीनचे सेनानी चू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना निधी जमला आणि १९३८ च्या सप्टेंबरमध्ये पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून निघालं. त्यात दोन मराठी माणसं होती: नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. पथकातले बाकीचे आपापल्या काळानं परतले. कोटणीसांनी चिनी बोलायला आणि लिहायला शिकून घेतलं, १९४१ मध्ये कॅनडाचे डॉक्टर बेथून यांच्या नावानं चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले, तिथल्या पोरांना शल्यक्रिया शिकवली, चिनीत पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथंच वारले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे त्यागाची बाजू सगळ्यांना माहीत झाली. मला त्यांच्या कामाची साधी, व्यवहारी बाजू जास्त मोलाची वाटते. मागणी चीनमधून आली होती, तिथं कमी असलेलंच कौशल्य ते घेऊन गेले, रोग्याची भाषा शिकले, आणि आपल्या जागी उभे राहतील असे हात तयार केले.

यावर कुणी म्हणेल की कोटणीस डॉक्टर होते. एकोणीस वर्षांच्या, हाती कसलंच कौशल्य नसलेल्या मुलांची त्यांच्याशी तुलना अन्यायाची आहे. आक्षेप बरोबर आहे आणि त्यातूनच मुद्दा पुढे सरकतो. कौशल्य नसलेल्या मुलानं विटा रचायला लांबच्या देशात जाणं हा आर्थिकदृष्ट्या तोट्याचा व्यवहार आहे. एका माणसाच्या विमानाच्या तिकिटाच्या पैशात तिथल्या गवंड्याला कित्येक आठवड्यांची मजुरी देता येते, आणि त्याची भिंत ओळंब्यात असते. शिवाय मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात भरलेल्या काँक्रीटला पाणी मारायचे दिवसही पंधरवड्यात बसत नाहीत. गट विमानतळावर पोचतो तेव्हा भिंत अजून ओली असते आणि तिच्यावर पाणी मारायला गावचंच कुणीतरी लागतं. म्हणून अशा गटानं स्वतःला मदतनीस म्हणवण्यापेक्षा शिकाऊ म्हणवावं. गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहायची, माल कालवायचा, त्याच्या घरी जेवायचं, आणि जाण्याचा खर्च हा आपल्या शिक्षणाचा खर्च आहे हे उघड मान्य करायचं. तसं मान्य केलं तर तो खर्च वाईट नाही. सेरेझोल यांनाही विटांपेक्षा माणसं जोडण्याची आस होती. फक्त त्या शिक्षणाची किंमत यजमान गावानं मोजू नये.

ती किंमत किती जबर असू शकते, हे अनाथाश्रमांच्या बाबतीत दिसलं. कंबोडिया आणि नेपाळमध्ये परदेशी तरुणांना मुलांमध्ये रमायचं होतं, त्यासाठी ते पैसे द्यायला तयार होते; मग आश्रम वाढले आणि ते भरण्यासाठी खेड्यांतून मुलं आणली गेली. त्यांतल्या बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात असल्याचं आढळलं. ऑस्ट्रेलियानं २०१८ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या व्यापाराचीही दखल घेतली. दर पंधरा दिवसांनी नवा दादा, नवी ताई येते, लळा लावते आणि निघून जाते. यानं पोराच्या मनाचं काय होत असेल, हे सांगायला मानसतज्ज्ञ लागत नाही. याच्या शेजारी किल्लारीनंतरची गोष्ट ठेवून पाहावी. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. घरापासून लांब नेण्याबद्दल मतभेद असू शकतात, मलाही ती वाट सोपी वाटत नाही. पण तिथं शिक्षण पूर्ण होईपर्यंतची जबाबदारी घेतली गेली होती. ज्ञान प्रबोधिनीनं तर मदतकार्य संपल्यावर लोहारा तालुक्यातल्या हराळीला शाळाच काढली, आणि अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूनं येतो: एवढ्या अटी घातल्या तर कुणी घराबाहेरच पडणार नाही, आणि आपत्तीत तर कुणाच्या बोलावण्याची वाट पाहत बसणं हा गुन्हा ठरेल. आपत्तीपुरतं उत्तर असं की पहिल्या काही तासांत ढिगाऱ्यातून माणसं काढतात ती शेजारीपाजारी, आसपासच्या गावची माणसं. मग सैन्य आणि डॉक्टर. तेव्हा लातूरच्या विवेकानंद रुग्णालयासारखी जवळची, सज्ज असलेली यंत्रणा कामी येते. लांबून गाडी भरून आलेल्या हौशी गटाला त्या दिवसांत पाणी, जेवण आणि झोपायची जागा गावालाच द्यावी लागते. अशा गटांची गरज सहा महिन्यांनी, वर्षानं लागते, जेव्हा वर्तमानपत्रांतून बातमी गेलेली असते आणि कागदपत्रं, मोजमाप, मुलांचा बुडालेला अभ्यास ही कंटाळवाणी कामं उरलेली असतात.

घराबाहेर पडण्याबद्दल म्हणाल, तर अटी पाळूनही माणसं पडतात, याचे पुरावे महाराष्ट्रातच आहेत. पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेनं १९९७ पासून मेळघाटात पावसाळ्यातले बालमृत्यू रोखायला धडक मोहीम चालवली. शहरातले स्वयंसेवक तुकड्या-तुकड्यांनी जात. एक तुकडी दुसरीच्या हाती काम सोपवून परते, म्हणजे मुक्काम तुटत नसे. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१८ साली ७५ तालुके उतरले तेव्हा १ मेच्या महाश्रमदानाला शहरांतून हजारो जलमित्र आले. त्यांनी एका सकाळी खणलेल्या चराचं माप फारसं मोठं नव्हतं. पण त्याआधी गावातल्या माणसांनी चार दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं होतं, चर कुठं आणि किती खोल खणायचा हे त्यांनी आखून ठेवलं होतं, आणि टिकाव हाती घेतलेला पाहुणा त्यांना विचारून घाव घालत होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूर जिल्ह्याला या फरकाचं मोल वेगळं सांगायला नको.

निलंग्याच्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना आहेच. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीला सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थ्यानं दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि सात दिवसांचं निवासी शिबीर करायचं असतं. परदेशी जाणाऱ्या गटाची खरी पूर्वतयारी इथं होऊ शकते, पण रस्त्याकडेला झाडू मारून आणि भाषणं ऐकून ते सात दिवस संपायला नकोत. करण्यासारखं काम तालुक्यातच पडून आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये हासोरीला जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले, सौम्य धक्के बसले, आणि १९९३ पाहिलेली माणसं पोराबाळांना घेऊन घराबाहेर झोपू लागली. त्या वेळी प्रत्येक घरापुढे एकच प्रश्न होता: आपली भिंत धरेल का? याचं उत्तर द्यायला भिंत पाहता यावी लागते. थर सुटलेत का, पोट आलंय का, माळवदावर माती किती, खांब-तुळईला आधार आहे का. पंचवीस मुलं एका अनुभवी मिस्त्रीच्या मागोमाग घरोघर फिरली, तर सात दिवसांत एका गावाच्या सगळ्या भिंतींची वही तयार होते आणि ती ग्रामपंचायतीत राहते.

ज्या गवंड्यांनी १९९४ नंतरच्या त्या कामात डमरूच्या आकाराची भोकं पाडली, ते तेव्हा तिशीत असतील तर आज साठी ओलांडून गेले आहेत. ज्या बायका संवाद सहायक होत्या, त्यांच्या सुना आता घरं चालवतात. उद्या नेपाळला किंवा आणखी कुठं, दगड-मातीच्या घरांच्या मुलखात, इथून तरुणांचा गट निघाला आणि तिथून खरोखर बोलावणं आलेलं असलं, तर वर्गणी गोळा करताना दोन तिकिटं जास्तीची धरावीत, एक अशा मिस्त्रीचं आणि एक अशा बाईचं. पासपोर्टच्या अर्जापासून सगळी धावपळ मुलांनी करावी, विमानात खिडकीची जागा त्या दोघांना द्यावी, आणि तिथं पोचल्यावर पहिल्या दिवशी भिंतीपाशी त्यांना पुढं करून आपण घमेलं घेऊन मागं उभं राहावं.